जानराव मार्करचा पहिला गेम

जानराव मेश्रामला माणूस जोखायचा झाला तर तो त्याचा हात बघायचा. ज्योतिषासारखा नव्हे, हातात रॅकेट कशी धरली आहे ते. भिलाईच्या सेक्टर ६मधल्या क्लबात संध्याकाळी जे साहेब खेळायला येत, त्यांतले निम्मे रॅकेट झाऱ्यासारखी धरीत आणि उरलेले माशी मारायला निघाल्यासारखी. कोर्टाच्या खांबाशेजारी स्टुलावर बसून जानराव हे सगळं बघे आणि नाकानं कांदे सोली. हजारो टन पोलाद ओतणाऱ्या या शहाण्यांना पाव छटाकही वजन नसलेली वस्तू जाळ्यापलीकडे टाकता येत नाही, याचा त्याला मनापासून आनंद होता.

"समोरच्याचा हात हाती घेता ना, तशी धराची," तो पुटपुटे. "गळा दाबल्यासारखी नाही. अन् मार मनगटातून येते, खांद्यातून नाही. पण आयकते कोन?"

शटल जाळ्यात गेलं की साहेब वाऱ्याला शिव्या देत. वारा नसला तर जाळ्याला. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण आखणारा जानराव. मग एखादा साहेब टेप मागवून जाळं मोजायला लावी. ते खांबाशी पाच फूट एक इंच आणि मध्ये बरोबर पाच फूट भरे. साहेब टेप गुंडाळी.

हे ज्ञान जानरावनं कामठीच्या छावणीत मिळवलं होतं. गोऱ्या साहेबांच्या क्लबात तो अठरा वर्षं मार्कर होता. चुन्यानं चव्वेचाळीस फूट लांब, वीस फूट रुंद कोर्ट आखायचं, पिसं मोडू नयेत म्हणून शटलला वाफ द्यायची, गुण मोजायचे आणि साहेबानं शिवी दिली तर ती न मोजता सोडून द्यायची. साहेब गेले, क्लब बसला. छप्पन साली नागपुरात त्यानं दीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी बायकोला, गिरजाबाईला, घेऊन भिलाई गाठली. चार वर्षं पोलाद कारखान्यात खलाशी म्हणून, म्हणजे अवजड माल हलवणाऱ्या मजुरांत, लोखंड उचललं. एकदा पायावर पोलादी प्लेट पडली तेव्हा क्लबाला मार्कर हवा होता. लंगडा माणूस फुकटच बसून राहतो, त्यापेक्षा इथं बसू दे, असा साहेबलोकांनी विचार केला. रोजंदारीवर.

आणि एक गोष्ट गिरजाबाईखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. त्या अठरा वर्षांत जानराव एकदाही खेळला नव्हता. मार्करनं रेघेच्या आत यायचं ते चुना आणि झाडू घेऊन. भिलाईत लोक धरून चालले की हा कामठीचा मोठा खेळाडू असणार. जानरावनं तो समज खोडला नाही. खोडावा तरी कोणासाठी? या झारेवाल्यांसाठी?

क्लबचे सेक्रेटरी भय्याजी हे स्टोअर्समधले साहेब. त्यांनी एक पुस्तक वाचलं होतं, आणि ते वाचल्याचं सगळ्या क्लबाला सोसावं लागे. "बॅडमिंटन म्हणजे आपल्या पुण्याचा खेळ बरं का!" ते चहाच्या कपामागून सांगत. "पुण्याच्या लष्करात इंग्रज खेळायचे. नावच होतं पूना. पुढे विलायतेत एका ड्यूकच्या बॅडमिंटन नावाच्या हवेलीत खेळले अन् हवेलीचं नाव चिकटलं. पण पहिले नियम आपल्या पुण्यात!"

"आपल्या लोकायचं काय काम होतं तिथं, भय्याजी?" जानरावनं एकदा विचारलं.

भय्याजींच्या पुस्तकात ते नव्हतं. जानरावला ते पुस्तकाशिवाय ठाऊक होतं: चुना मारणं.

क्लबात एकच माणूस त्याला काही विचारी. सत्यशीला. जवळच्या चरोद्याला राहणाऱ्या रेल्वेतल्या गार्डाची, तेजरामची मुलगी, ऑफिसात टायपिस्ट. सायकलवर यायची, "जयभीम काका" म्हणायची आणि कोपऱ्यातलं कोर्ट रिकामं मिळेतो थांबायची. रॅकेट तीही पोळी उलटायला आल्यासारखीच धरायची. पण सांगितलं की बदलायची, आणि हीच गोष्ट जानरावला फार खटके. एखाद्याला सरसकट मूर्ख म्हणायची सोय राहत नसे. "कमरेच्या खालून सर्व्हिस कर. वरून केली तं फॉल्ट," तो स्टुलावरून ओरडे. "मारून झालं का मधात ये. तिथंच उभी राहून फोटो काढाचा आहे काय?" वर्षभरात पोरगी बऱ्यापैकी खेळू लागली. जानरावनं तिचं एकदाही कौतुक केलं नाही.

त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात क्लबानं शिकवणारा नेमायचं ठरवलं. नोकरी पक्की आणि सेक्टर ६मध्ये क्वार्टर. गिरजाबाई सहा वर्षं मजुरांच्या कॅम्पातल्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळे काढत होती. तिनं क्वार्टरच्या खिडक्यांना कुठल्या रंगाचे पडदे लावायचे तेही मनात ठरवून टाकलं. अर्ज एकट्या जानरावचा होता. फक्त कागदाच्या शेवटी एक ओळ होती: उमेदवारानं कमिटीसमोर एक गेम खेळून दाखवावा.

"खरं सांगून टाका ना जी," गिरजाबाई म्हणाली. "शिकवता येते, खेळलो नाही म्हना."

"त्या टोळीसमोर? मले पाहून पाहून सारं येते. हात काय परका आहे माझा?"

रविवारी सकाळी कमिटी खुर्च्या टाकून बसली. चहा आला. आता मार्करसमोर खेळायचं कोणी? कोणाचा खांदा दुखत होता, कोणाला नेमकं आत्ताच घरी जायचं होतं. ज्याच्याशी हरलं तर नाक जातं आणि जिंकलं तर काही मिळत नाही, अशा माणसासमोर कोण उभं राहील? शेवटी सत्यशीलाच पुढे झाली. तिला वाटलं, काकांची अडचण सोडवते.

जानरावनं पहिली सर्व्हिस केली. बूट किती मागे, मनगट किती सैल, सगळं त्याला तोंडपाठ. रॅकेट हवेतून फिरली आणि शटल पायाशी पडलं. दुसऱ्या खुर्चीतल्या साहेबांनी हसू चहात बुडवलं. पुढे तर पितळ उघडंच पडलं. शटल कुठं येणार हे त्याला सत्यशीलाच्या आधी कळे. पण पाय तिथं पोचेपर्यंत ते पडलेलं असे. डोळ्यांना अठरा वर्षांचं सगळं येत होतं, हाताला काही म्हणता काही येत नव्हतं. बारा-शून्य.

आणि मग सर्व्हिस फिरून जानरावकडे आली, तेव्हा सत्यशीलाचं शटल जाळ्यात गेलं. एक गुण. पुन्हा जाळ्यात. दोन. तिसऱ्यांदा तर अगदी हातात आलेलं शटल तिनं बाहेर घालवलं. भय्याजी टाळ्या वाजवायला लागले. "आला, आला, हात आला जानरावांचा!"

जानराव थांबला. त्याच्या कपाळावरून घाम चालला होता. काही न बोलता राहिला असता तर अजून पाच-सात गुण मिळाले असते, आणि त्या खुर्च्यांतल्या एकालाही काही कळलं नसतं. क्वार्टर पदरात पडलं असतं.

"भय्याजी, ते तीन गुण खोडा," तो म्हणाला.

"का हो? तिचं शटल जाळ्यात गेलं ना!"

"गेलं नाही. तिनं घातलं. ऐन वेळी मनगट सोडून देऊन राहिली. तुमाले दिसत नाही, मले दिसते."

सत्यशीला रडवेली झाली. भय्याजींनी तीन खोडून शून्य केलं. त्यांना वाटलं, काहीतरी नियम असेल. उरलेले तीन गुण तिनं दोन मिनिटांत घेतले. पंधरा-शून्य.

"अठरा वर्षं कामठीत खेळून हे?" भय्याजींनी विचारलं.

"खेळून?" जानरावनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की तसं त्यानं झाऱ्यासारखी रॅकेट धरणाऱ्याकडेही कधी पाहिलं नव्हतं. "अठरा वर्सं मी त्या कोर्टावर चुना मारला, साहेब. रेघेच्या आत रॅकेट घेऊन आज पयल्यांदा उभा राहिलो. मी कधी खेळलो का, हे तुमी मले एकदा तरी विचारलं काय?"

भय्याजींनी कागदावर 'अनुभव नाही' असं लिहिलं. ती जागा पुढे कोणाच्या तरी भाच्याला मिळाली. तोही झारेवालाच निघाला.

खुर्च्या रिकाम्या झाल्या. जानराव जाळं सोडवू लागला. सत्यशीला मागे येऊन उभी राहिली.

"काका, चुकलं माझं. मले वाटलं..."

"पंधरा होयेपर्यंत थांबाचं नाही, पोरी. समोर बाप असो का मार्कर," जानराव गाठ सोडवता सोडवता म्हणाला. "अन् दया येऊन राहिली असन, तं रॅकेट खाली ठेवाची अन् घरी जाची."