कॅसेटमधला वरचा आवाज

टोकरखाड्याच्या कॉलनीत आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याचा एक इंजिनिअर राहायचा. ते इंग्रजी गाणं मला त्याने ऐकवलं. साठच्या दशकातलं, जेमतेम अडीच मिनिटांचं. शब्द मला ओ की ठो कळले नाहीत. तो म्हणाला, "शब्द सोड. आधी ड्रम ऐक, मग बास, मग मागचे आवाज."

मी कापड विणणाऱ्या लूमवरचा जॉबर, म्हणजे बिघडलेली मशीन दुरुस्त करणारा. ठोक्यांवरच माझं पोट, त्यामुळे ड्रम लगेच कळला. तो वाजवणारा पठ्ठ्या दुसऱ्या कडव्यानंतर एक ठोका मुद्दाम उशिरा टाकायचा आणि तेवढ्यापुरता माझा जीव टांगणीला लागायचा. बास, म्हणजे ती जाड आवाजाची गिटार, गाण्याच्या मागे मागे फिरत नसे, खालून स्वतःचीच वेगळी चाल गात असे. शेवटी तीन आवाज एकत्र 'आ' लावत. त्यातला सगळ्यात वरचा इतका बारीक होता, की ऐकताना उगाच रडू यायचं. बदली झाल्यावर इंजिनिअर ती कॅसेट मला देऊन गेला.

राखोलीच्या आमच्या शेडमध्ये एवढा गोंगाट, की माणसं हातवाऱ्यांनी आणि ओठांनी बोलायची. कामगार कानात सुताचे बोळे कोंबायचे. जॉबरने मात्र कोंबायचे नाहीत, अशी रीत होती. मला काम शिकवणारा धुळ्याकडचा म्हातारा जॉबर म्हणायचा, "कान बुजले तं मशीन काय बोलते, ते तुले कसं समजीन?" त्याच्याशी शेडबाहेरही ओरडून बोलावं लागे. आम्हाला ते वयाचं वाटायचं. मीही बिघाड आवाजावरून ओळखू लागलो आणि छाती पुढे काढून उघड्या कानांनी फिरलो.

काही वर्षांनी कॅसेटमधला वरचा आवाज गेला. टेपचं हेड मळलं की बारीक आवाज दबतात, एवढं मला ठाऊक होतं. कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलं. स्क्रू फिरवून पाहिला. टेपला शिव्या घातल्या, मग हट्टाने नवा टेप आणला. त्यात तर ड्रमच्या थाळ्याही वाजेनात.

"कॅसेट गेली कामातून," मी हेड पुसता पुसता बायकोला म्हणालो.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "काय झालंय तिला? स्पष्ट वाजतेय की. तो वरचा बारीक आवाज किती गोड आहे, अहो."

कापसाचा बोळा माझ्या हातातच होता.

कानाचे डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. मला भयंकर राग आला, पण धरू कोणावर? म्हातारा केव्हाच गावी गेला होता. दुसरं काही येत नव्हतं, म्हणून मी शेडमध्ये जातच राहिलो. एकेक करून गाण्यातली माणसं उठून गेली. बास तेवढा राहिला, तोही टेपवर तळहात ठेवला तर.

तोवर मुलगी मोठी झाली होती. तिने तो वरचा आवाज उचललाय, हुबेहूब, असं बायको सांगायची. एका संध्याकाळी टेप लावून ती माझ्यासमोर गायला उभी राहिली. मी टेपवर हात ठेवून बसलो. तिने डोळे मिटले, तोंड उघडलं, गळ्याची शीर ताणली गेली. हाताखाली बास चालत होता. बाकी काही नाही.

गाणं संपल्यावर तिचे ओठ हलले. "पप्पा, लागला का सूर?"

ओठ वाचायला मी शेडमध्येच शिकलो होतो. मी हो म्हणालो. ती इतकी खूश झाली, की तिने पुन्हा गायला सुरुवात केली.