वरच्या खाचरासाठी ट्रॅक्टर

जिरीसान डोंगराच्या उतारावर सकाळी असं धुकं साचलं होतं, की खालची खाचरं दिसतच नव्हती. त्यातच मालसूननं पाठीवरच्या पाटीतून शेणखत वर वाहून नेलं, हात धुतले आणि दिराच्या टेम्पोत चढून बसली.

गेल्या साली सगळ्यात वरच्या खाचरात भाड्याचा मोठा ट्रॅक्टर घातला, आणि त्याच्या वजनानं चिखलाखालचा घट्ट तळ फुटला. रातोरात पाणी जिरलं, भात उभ्या उभ्या पिवळं पडलं. हिवाळाभर मालसूननं एकटीनं तिथं चिकणमाती भरून चोपली. धाकट्या दिराशी, चिलबोकशी, तेव्हाच बोलणं झालेलं: यंदा पाणी टिकलं नाही, तर तिथं चेस्टनटची झाडं. तिच्या घरचा तांदूळ त्याच खाचरात पिकायचा. ते गेलं, की दुकानातलाच आणून शिजवायचा.

मेस्त्री क्वाकच्या अंगणात दोन जुने ट्रॅक्टर विकायला उभे होते. एक लाल, काचेच्या केबिनचा. दुसरा निळा, त्याच्या निम्म्या वजनाचा, चाळिशी उलटलेला, बसायला नुसता पत्रा.

"वहिनी, लाल घ्या. आत हीटर आहे, गाणीही लागतात," चिलबोक म्हणाला.

"नांगरायचंय भावोजी, सहलीला नाही जायचं."

तिनं निळ्याच्या इंजिनावर हात ठेवला. थंडगार. म्हणजे क्वाकनं आधी तापवून फसवलं नव्हतं. तिनं किल्ली फिरवली. तो खोकला, काळा धूर ओकला आणि लागला टुकटुकायला.

"मागून तेल गळतं हां, आधीच सांगतो," क्वाक म्हणाला.

"गळतं ते दिसतं तरी. पाना घेऊन मी बसेन. लाल बिघडला तर?"

"शहरातनं माणूस येईल, लॅपटॉप घेऊन."

"आणि माझ्या खाचरात उतरेल?"

"उतरेल की. बाहेर कसा निघेल, तेवढं बघा."

तोवर चिलबोकनं उकडलेलं डुकराचं मुंडकं चौरंगावर मांडून लालपुढं ठेवलंही होतं. पूजेशिवाय यंत्र अंगणातून हलवायचं नाही, ही इथली रीत. तो जमिनीला कपाळ टेकवून उठला.

"झालं! देव आले. आता हाच न्यायचा."

मालसून क्षणभर घुटमळली. मग तिनं चौरंग उचलला. "देवांना म्हणावं, जरा इकडं सरका." निळ्यापुढं चौरंग ठेवून तिनं नमस्कार घातला आणि चारही चाकांवर तांदळाची दारू ओतली.

"रुसले तर?" चिलबोक पुटपुटला.

"डुक्कर तर हसतंय!" क्वाक म्हणाला.

दुपारी निळा हळूहळू वर चढला. चाकं चिखलात गेली, पण खोल नाही. चिखलणी झाल्यावर तिनं आणखी पाणी सोडलं. खाचर भरल्यावर पाण्याच्या रेषेवर खूण करून चिलबोकनं काठी रोवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं वर गेली. पाणी खुणेला लागूनच होतं. बेडूक ओरडत होते.

"यांनी मुक्काम टाकला म्हणजे पाणी राहणार, वहिनी."

"आणि तुमची झाडं?"

"लावतो माझ्या परसात!"

"लावा. पण आधी बाजूला व्हा, ओल्या बांधावर उभे आहात."

तिनं चिखलाचा लपका उचलला आणि त्याच्या बुटांचे ठसे फावड्याच्या पाठीनं लिंपू लागली.