काजळमधला ळ

काजळचा फोन आला तेव्हा मी डेपोत दिवसाच्या भरण्याची बेरीज करत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. बेरीज मी पुन्हा वरून सुरू केली... जमली नाही.

तिचे बाबा, देवानंद, आमच्या यवतमाळच्या स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारायचे. माझ्यासाठी तो देवाच. आवाज भरदार, पण बोरी अरबकडचा माणूस. ळ च्या जागी य. नवीन असताना त्यानं "रायेगावची गाडी लागली" असं पुकारलं आणि तपासणीला आलेले पुण्याचे साहेब सगळ्यांसमोर हसले. "राळेगाव राहू द्या, आपण उभे कुठे आहोत तेवढं तरी सांगा." देवा म्हणाला, "यवतमाय, साहेब."

दुसऱ्या दिवशी त्यानं माईकच्या खोलीत आरसा टांगला. जीभ मागे वळवायची, टाळूला टेकवायची, सोडायची... गाड्यांच्या मधल्या वेळात हेच. आधी ळ नको तिथेही येऊ लागला. "भाऊ, चहा घेता काळ?" असं विचारी, आणि आम्ही म्हणायचो, "कोणाचा काळ आला बे?" शेवटी ळ बसला.

कापसाची ती वर्षं वाईट होती. माणसं बोचकी घेऊन कामासाठी पुण्याच्या गाड्या धरत. देवाचा चुलतभाऊ तिकडून परतला तो गप्पच. "शाया म्हनलं का हासते, दादा. म्या बोलनंच बंद केलं." देवाला ते फार लागलं. मुलगी झाली तेव्हा त्यानं तिच्या नावातच ळ ठेवला. शाळेत कुणी 'काजल' लिहिलं, तर जाऊन दुरुस्त करून आला. घरात मात्र त्याची आई नातीला काजय म्हणे.

"आई, काजय नाही, काजळ."

"माया तोंडात नाही बसत बाप्पा तुयं ते अक्षर. म्या हाक मारली का पोरगी येते ना?"

तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र देवाचा सुटला नाही. गाडी पुकारण्याआधी तेवढा थुंकायचा, चूळ भरायचा. जिभेची जखम भरेना तेव्हा नागपूरला अर्धी जीभ काढावी लागली. प, ब, म ओठांवरची अक्षरं, ती राहिली; बाकीची कशीबशी निघत. ळ येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. देवानं आरसा घरी आणला आणि पुन्हा त्याच्यासमोर उभा राहू लागला. काजळला तो टाळी वाजवून बोलावी. चुकीच्या नावानं हाक मारणार नाही, असं त्यानं मला कागदावर लिहून दाखवलं. त्याची आई चिडायची, "पोरगी हाय का कोंबडी हाय बे?" काजळ टाळीला येई, पण मान खाली घालून. मला ते पाहवत नसे.

शेवटचा भेटलो त्या दिवशी काजळ नर्सिंगच्या शिक्षणासाठी पुसदला परत निघाली होती. ऑटो दारात घरघरत होता. देवानं टाळी वाजवली. तिला ऐकू गेली नाही. पुन्हा वाजवली. ती ऑटोत पाय ठेवत होती. तो भिंतीला धरून उठला आणि सगळा जीव गोळा करून ओरडला, "काजय!"

ती वळली. धावत आली. देवानं मात्र तोंडावर हात धरला होता... तिनं तो बाजूला केला.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. आरसा तिथेच आहे, त्याच्या तोंडाच्या उंचीवर. चहा सांगायला देवाच्या आईनं आत हाक मारली, "काजय!" आणि मी सवयीनं थांबलो. आता देवा म्हणेल, काजय नाही...

काजळही लगेच आली नाही. आत तीही थांबली असावी. मग म्हणाली, "आली, आजी."