बाकाखालचा फोम

चाचणी केंद्रात त्यांना सगळे 'बुडवे' म्हणायचे. कुणाचे पैसे बुडवले म्हणून नव्हे, तर बोटी बुडवणं हेच त्यांचं काम होतं म्हणून. सहलीसाठी विकायची नवी बोट आली, की ते ती हौदात सोडत, माणसांच्या जागी वजनं ठेवत आणि काठोकाठ पाणी भरत. एवढा छळ सोसूनही ती सरळ तरंगली, तरच सही. मग त्या जातीच्या प्रत्येक बोटीवर प्रमाणपत्राची पाटी लागायची. बावीस वर्षं हेच चाललं होतं.

एका रविवारी थोरल्या बहिणीने तळ्यावर बोलावलं. भाऊजींनी चौघांची निळी बोट घेतली होती.

"तुझ्या सहीची आहे म्हटल्यावर डोळे मिटून घेतली बघ!" भाऊजी म्हणाले.

बुडवे मनातून सुखावले. काठापासून थोडं आत गेल्यावर त्यांनी सवयीने बाकावर बोटं आपटली. आवाज पोकळ आला.

"भाऊजी, बोट परत फिरवा."

"अरे, आत्ता तर निघालोय!"

"आधी फिरवा."

काठावर येताच त्यांनी बाकाचे स्क्रू काढले. बाकाखाली फोम ठासून भरलेला हवा; पाणी भरलं तरी बोट वर राहते ती त्याच्याच जिवावर. तिथे वहीएवढा एक तुकडा चिकटवलेला होता. बाकी सगळं रिकामं, आणि कडेच्या फटीतून पाणी आत शिरायला वाट मोकळी.

सोमवारी ते साहेबांसमोर उभे राहिले.

"आपल्याकडे नमुना आला होता ना? तो पास झाला ना?" साहेबांनी विचारलं.

"झाला. पण दुकानात विकतात ती बोट वेगळीच आहे."

"मग ते बाजार तपासणीवाले बघतील."

बाजार तपासणीच्या बाई भल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "माझ्याकडे माणसं दोनच," त्या म्हणाल्या. "आणि हात घालायला ग्राहकाची लेखी तक्रार लागते. नाहीतर अपघाताची नोंद."

भाऊजी तक्रारीला तयार होईनात. "तू फोम भरून दे, मिटलं! कशाला नसती झंझट?" शेवटी ताईच अंगावर धावून गेली, तेव्हा त्यांनी कुरकुरत अर्ज लिहिला.

पाच महिन्यांनी कंपनीला पत्र गेलं, की फेरतपासणीसाठी एक बोट पाठवा. कुठली पाठवायची, ते कंपनीनेच ठरवायचं होतं. बुडव्यांनी डोक्यालाच हात लावला. बोट आली. त्यांनी एकूण एक बाक उघडलं. फोम असा गच्च, की सुई शिरू नये. हौदात ती डौलात तरंगत राहिली.

"मी सही करणार नाही," ते म्हणाले.

"चाचणीत काही खोट निघाली?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

"नाही."

"मग नकार द्यायचा तो कशाच्या आधारावर?"

बुडव्यांनी सही केली. त्या दिवशी डबा तसाच घरी परत गेला.

पुढच्या रविवारी ते एकटेच तळ्यावर गेले. एक जोडपं दोन लहान मुलींना घेऊन तसल्याच निळ्या बोटीत चढत होतं. बुडवे लगबगीने पुढे झाले. कोण, काय, सगळं सांगितलं. मुलींच्या बापाने नीट ऐकलं, वाकून पाटी वाचली.

"काका, यावर तर प्रमाणपत्र आहे," तो सौम्यपणे म्हणाला. "पोरींना उगाच घाबरवू नका." बायकोकडे बघून तो किंचित हसला आणि त्याने बोट ढकलली.

बुडवे पायऱ्यांवर बसून राहिले. अपघाताची एक नोंद झाली असती, तर सगळी खाती धावत सुटली असती. आणि तीच नोंद होऊ नये म्हणून ते जीव मुठीत धरून पाण्याकडे बघत होते. दोन तासांनी बोट परत आली. धाकटी बापाच्या खांद्यावर झोपली होती.

"बघा काका, आलो की नाही सुखरूप?" बाप हसत म्हणाला.

"आलात," बुडवे म्हणाले, "फार बरं झालं."

पलीकडे तसल्याच निळ्या बोटीजवळ दुसरं कुटुंब जाकिटं चढवत होतं.