घंटा समोरच्या घरात

मंडळी, आज सकाळी आमच्या भांड्यांच्या दुकानासाठी अलार्म निवडत होतो. चोर शिरला की माझा मोबाईल वाजणार, शिवाय जवळच्या आणखी एकाचा. विकायला आलेला माणूस म्हणाला, "काका, लगेच धावून येईल अशा कुणाचा तरी नंबर सांगा."

माझी नजर रस्त्यापलीकडं गेली.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास वडिलांनी याच दुकानाला पहिली घंटा बसवली. खटका आमच्या दाराला, पण वायर रस्त्यावरून थेट समोरच्या दूधवाल्या आक्कांच्या घरात.

वायरमन चक्रावला. "मालक, दुकान तुमचं आन् घंटा त्यांच्यात?"

"चोराला ऐकवून काय करू? जी धावून येणार हाय, तिला ऐकू जाऊ दे की!"

रोज दुकान बंद करताना वडील एकदा घंटा वाजवून बघायचे. आक्का खिडकीतून ओरडायच्या, "व्हय, वाजली! जावा आता जेवायला!"

आक्का गेल्या. घर पाडून तिथं गाळे झाले. समोरचा मोबाईल दुरुस्तीवाला रोज हात करतो, मीही करतो. पण त्याचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.

शेवटी अलार्मवाल्याला बसवून ठेवलं आणि रस्ता ओलांडला. "पावणं, नाव काय तुमचं? नंबर पायजे हुता."

तो हसला. "काका, मी कालच अलार्म घेतला. तुमच्या बोर्डावरचा नंबर देऊन टाकलाय. चालतंय न्हवं?"

तुमचा नंबर असा कुणी दिलाय का, बघा जरा विचारून.