सदरहू मुलगी

‘सदरहू’ हा शब्द दिसला की मला आजही शिसारी येते. वकिली करते, तरी येते.

नाशिकच्या कोर्टात मी एका नावाजलेल्या वकिलांकडे ज्युनियर होते, तेव्हाची गोष्ट. सातपूरच्या कारखान्यात काम करणारी एक बाई आमच्याकडे आली. नवऱ्यापासून वेगळी राहायची. लहान मुलगी सिन्नरला, बापाकडे. दिवाळीच्या सुट्टीत मुलीने आपल्याकडे राहायला यावं, एवढंच तिचं मागणं. मी पानभर अर्ज लिहिला. साहेबांनी तो दोन बोटांत धरला. “हा अर्ज आहे की वाण्याची चिठ्ठी?”

मग त्यांनी जुन्या केसमधला मजकूर उचलून त्यात ओतला. लग्न कुठे झालं, मानपान कसा झाला, सासू काय टोचून बोलली. ‘सदरहू अर्जदार ही सदरहू जाबदार यांची कायदेशीर विवाहित पत्नी असून’, ‘वर नमूद केल्याप्रमाणे’, ‘येणेप्रमाणे’. नुसतं पाणी घालून वाढवलेलं वरण. मुलगी पार शेवटच्या पानावर, तीही ‘सदरहू अल्पवयीन मुलगी’. बाईला मात्र तो गठ्ठा हातात घेऊन धीर आला. “लय जाड झालाय मॅडम, आता कोर्ट नाय म्हणणार नाय,” म्हणाली. आमच्याकडे पक्षकारांनाही कागद जाडच लागतो, त्याला काय करणार.

कोर्टाला सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी अर्ज पुढे आला. समोरचा वकील उठला आणि शांतपणे म्हणाला, “एवढे आरोप केलेत. प्रत्येक परिच्छेदाला उत्तर द्यावं लागेल. मुदत मिळावी.” कोर्टाने दिली. मुलीला पाठवायला हरकत आहे का, हे त्याला कुणी विचारलंच नाही. माझ्या पानभर अर्जात तेवढा एकच प्रश्न होता. तारीख पडली ती दिवाळीनंतरची. “मुदत द्यावीच लागते,” म्हणत साहेब दुसऱ्या केसला निघून गेले. मला त्यांच्या कोटाचीसुद्धा किळस आली.

बाहेर व्हरांड्यात मी बाईला सगळं समजावून सांगितलं. तिने सिन्नरला सासूला फोन लावला आणि मुलीला बोलवायला सांगितलं.

“नाय गं बाळा, यंदा नाय जमायचं,” ती म्हणाली. “मलाच कारखान्यातून सुट्टी नाय मिळाली.”