टोमॅटोच्या बारा बाटल्या

झाकणावर अंगठा दाबला तर टक् आवाज आला. दुसरी बाटली घेतली. तिचंही तेच. चांगल्या बाटलीचं झाकण आत ओढलेलं असतं, दाबलं तरी हलत नाही. ते वर आलं म्हणजे आतला माल नासतोय.

सौदी अरेबियातल्या खमीस मुशैत शहराजवळ डोंगरातल्या एका गावात बायकांचं मंडळ आहे. मळ्यातले टोमॅटो उरले की तिथे बकऱ्यांना घालतात. ते बाटल्यांत भरून टिकवा, हे शिकवायला मला ठेवलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत. पण रत्नागिरीला आंब्याच्या कॅनिंगमध्ये मी नऊ वर्षं काढली. भरलेल्या बाटल्या उकळत्या पाण्यात किती वेळ ठेवायच्या, ते मला पाठ होतं.

चाळीसपैकी बारा बाटल्या आदल्या दिवशीच वाटल्या गेल्या होत्या. मंडळाच्या प्रमुख उम्म सालेह, म्हणजे सालेहची आई, वय सत्तरीचं. त्यांनी स्वतः घरोघर नेऊन दिल्या होत्या. बाटलीतलं शिळं कोण खाणार, असं म्हणणाऱ्या घरांत मुद्दाम आधी.

मी नूरा मॅडमना फोन केला. त्या शहरातल्या ऑफिसमधून मंडळाचं काम बघतात.

"किती वेळ उकळल्या?"

"आमच्या गावी ठेवायचो तेवढाच वेळ."

"तुमचं गाव समुद्राकाठी ना?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. डोंगरावर पाणी लवकर उकळतं, पण तेवढं तापत नाही. म्हणून तिथे बाटल्या जास्त वेळ ठेवाव्या लागतात. इथे कुकरशिवाय डाळ शिजत नाही म्हणून मी दोन वर्षं कुरकुरत होते. बाटल्या उकळताना मात्र ते आठवलं नाही.

मॅडम म्हणाल्या, सगळ्या बाटल्या आजच परत आल्या पाहिजेत. कुणी आजारी पडलं तर मंडळ खलास.

उम्म सालेहना सांगितलं.

"दिलेली वस्तू मी परत मागू? आमच्यात असं कुणी करत नाही."

"मी मागते. चूक माझी आहे."

"तू? तू इतकी हळू बोलतेस की तुझा सलामसुद्धा ऐकू येत नाही."

तरी त्या सोबत आल्या. प्रत्येक दारात त्या मागे थांबायच्या आणि मी तोडक्या अरबीत सांगायची की माल बिघडलाय, चूक माझी, यांची नाही. एका घरातली बाई हसली. दुसरीने बाटली हातात न देता उंबऱ्यावर ठेवली.

अकराव्या घरच्या सुनेने बाटली उघडली होती. पातेलं चुलीवर, चमचा हातात, दोन मुलं जेवायला बसलेली.

मी विचारलं, "वास नाही आला?"

"आला." तिने उम्म सालेहकडे पाहिलं. "पण मावशींनी दिलेलं टाकून कसं देऊ?"

उम्म सालेह पुढे आल्या. पातेलं स्वतः उतरवलं आणि अंगणात नेलं.

सगळ्या बाटल्या बकऱ्यांपासून लांब, खड्ड्यात पुरल्या. पुढच्या वेळी आंबटपणा वाढून माल टिकावा म्हणून लिंबाचा रस घातला आणि मॅडमनी ठरवून दिला तेवढा जास्त वेळ उकळलं. झाकणं बसली. पण एकोणीस बायकांपैकी सातच आल्या. उम्म सालेह पहिल्या होत्या.

आता नव्या गावात गेले की भांडी मांडण्याआधी मी त्या गावाची उंची विचारते. आणि महिनाभर झाकणं तपासल्याशिवाय कुणाला बाटली भेट देऊ देत नाही. भेट म्हणून आलेलं लोक वास आला तरी खातात.